असरनंतरचा चहा आणि परसदारातले पाहुणे

यवतमाळच्या नावातच माळ आहे. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवरचं हे गाव. उंची ऐकून बाहेरच्यांना वाटतं की इथे हवा थंड असेल. त्यांनी मे महिन्यात एकदा यावं. सकाळी दहाला रस्त्यावरची वर्दळ विरळ होते, बाराला थांबते आणि मग चार-साडेचारपर्यंत गावात फक्त कूलरचा आवाज. पारा 44-45 ला टेकला तरी इथे कुणी दचकत नाही. 25 मेला नवतपा लागला की ते नऊ दिवस लग्नाला बोलावणाराही जरा संकोचूनच बोलावतो.

असरची अजान झाली की गाव पुन्हा हलायला लागतं. दारं किलकिली होतात, कुणीतरी अंगणात पाणी शिंपडतं, मातीचा वास येतो आणि घरोघरी चहा मांडला जातो. एवढ्या उन्हात गरम चहा कसा पितात, असं कोकणातली माझी मैत्रीण विचारते. तिचंही बरोबर आहे. तिच्याकडे घाम अंगावरच राहतो. आमच्या कोरड्या हवेत चहाने घाम सुटतो, लगेच उडून जातो आणि अंग निवतं.

माझं माहेर गावाच्या जुन्या वस्तीत आहे. घर साधं, पण मागे वीस बाय तीस फुटांची मोकळी जागा. पुस्तकी मराठीत परसदार, आमच्याकडे सांदवाडी. अब्बूंनी घर बांधलं तेव्हा लावलेला कडूनिंब आता दोन छतांना सावली देतो. एक लिंबाचं झाड, एक कढीपत्ता, जास्वंद, भिंतीलगत सब्जा आणि स्वयंपाकघराच्या दाराशी एक सपाट काळा दगड. अम्मी त्या दगडावर बसून वुजू करते. दगडापासून हातभर लांबीची पन्हळ अब्बूंनी काढून दिली होती. वुजूचं पाणी त्या पन्हळीतून पुदिन्याच्या वाफ्यात जातं आणि तिथून गवती चहाच्या बेटाला. दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं. वेगळं पाणी त्या वाफ्याला मी कधी घातलेलं पाहिलं नाही.

यवतमाळमध्ये हे महत्त्वाचं का, ते 2018 चा उन्हाळा काढलेल्यांना सांगावं लागत नाही. शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं तेव्हा तळाला गेली होती. नळ बरेच दिवस कोरडे राहत. टँकरच्या मागे हंडे-पिंप घेऊन रात्री-अपरात्री रांगा लागत. त्या वर्षीचा रमजानही मे-जूनमध्येच आला होता. रोजा, 45 अंशांची तपन आणि घरात मोजून पाणी. अम्मीने तेव्हा वुजूसाठी एक पितळी लोटा ठरवून घेतला, तो आजही बदललेला नाही. पैगंबर मुहम्मद (स.) यांना वुजूला एक मुद्द पाणी पुरत असे, हे हदीसमध्ये नोंदलेलं आहे. मुद्द म्हणजे साधारण एक भरलेली ओंजळ. आपण नळ सोडून वुजू करतो तेव्हा किती ओंजळी वाहून जातात, ते एकदा खाली बादली ठेवून पाहावं. त्या उन्हाळ्यात आमची जास्वंद निम्मी वाळली, पण पुदिना आणि गवती चहा तगले, ते याच पाण्यावर.

यंदा मुलांना घेऊन मी महिनाभर राहायला गेले, तेव्हा घरात दोन नव्या गोष्टी होत्या. दोन्ही कतारमध्ये नोकरी करणाऱ्या भाईजानकडून आलेल्या. एक म्हणजे रंगीत चहाचा मोठा डबा. त्यात धाग्याला बांधलेल्या पुड्यांचे दहा-बारा प्रकार, प्रत्येकाचं पाकीट वेगळ्या रंगाचं. अम्मीला साखरेचा आजार आहे. डॉक्टरांनी दूध-साखरेचा कडक चहा दिवसाला एकवर आणला, म्हणून मुलाने हा पर्याय पाठवला होता. दुसरी गोष्ट म्हणजे पैसे. मागच्या पावसाळ्यात अम्मी परसदारात चिखलात घसरली होती. हाड मोडलं नाही, पण पंधरा दिवस अंथरुणावर गेले. भाईजानचं म्हणणं, संपूर्ण परसदारात गट्टू बसवून टाकू. चिखल नाही, झाडणं सोपं, साप-विंचवाची भीती नाही. मिस्त्री येऊन माप घेऊन गेला होता. काम पावसाआधी उरकायचं होतं.

डबा मुलांनी ताब्यात घेतला. रोज असरनंतर एक प्रकार, सगळ्यांनी चाखायचा आणि वहीत गुण लिहायचे. चहाच्या व्यापारात चव घेणारी पगारी माणसं असतात. ती चमच्यातला चहा मोठ्याने फुर्र करून ओढतात, म्हणजे हवेबरोबर त्याचा वास नाकापर्यंत पोहोचतो, आणि मग थुंकून टाकतात. हे मी सांगितलं मात्र, आवाज करून पिण्याचा परवानाच मुलांना मिळाला. नानीने थुंकण्यावर बंदी घातली. फुर्र करण्याला तिची हरकत नव्हती, कारण बशीत ओतलेला चहा ती स्वतः तसाच पिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. डब्यातले निम्मे प्रकार मुळात चहा नव्हतेच. चहाचं झुडूप एकच. काळा चहा, हिरवा चहा हे त्याच पानांचे, फक्त पानं खुडल्यावर त्यांच्यावर होणारी क्रिया वेगळी. बाकी जे फुलांचे, पानांचे, सालींचे प्रकार आहेत ते काढे आहेत, चहाचं नाव लावलेले. काढा म्हटलं की मुलं पळतात, चहा म्हटलं की कप पुढे करतात, हे दुकानदारांनाही कळलेलं दिसतं.

पहिल्या दिवशी अर्ल ग्रे निघाला. हा काळाच चहा, पण त्याला बर्गमोट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलाचा वास दिलेला असतो. अम्मीने कप नाकाशी नेला आणि विचारलं, "यात अत्तराची कुपी सांडली का?" दहापैकी चार गुण. हिरव्या चहाला मुलांनी दोन दिले, तेव्हा मला मध्ये पडावं लागलं. उकळतं पाणी ओतलं की तो कडू होणारच. आधण उतरवून तीन-चार मिनिटं थांबायचं, मग पुडी सोडायची आणि दोन मिनिटांत काढून घ्यायची. दुसऱ्या दिवशी असा केला तर गुण सहावर गेले. पिवळ्या-पांढऱ्या फुलांच्या कॅमोमाइलची पुडी उघडली आणि अम्मी थबकली. वास ओळखीचा होता. "हा तर गुल-ए-बाबूना! हकीमसाहेब जोशांद्यात द्यायचे." तिच्या लहानपणी युनानी दवाखान्यातून कागदाच्या पुडीत मिळणारं फूल तिच्या म्हातारपणी परदेशातून चकचकीत पाकिटात आलं होतं. तिने दहापैकी नऊ दिले. मुलांनी तीन.

चहा चाखायला शांत बसावं लागतं. आणि परसदारात चार माणसं अर्धा तास शांत बसली की इतर मंडळी आपापल्या कामाला लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी धाकट्याने वहीच्या समोरच्या पानावर दुसरी यादी सुरू केली: आज पाण्यावर कोण आलं.

पाणी म्हणजे निंबाखाली ठेवलेलं मातीचं परळ. अम्मी ते रोज फजरनंतर घासून भरते, आणि जुहरच्या वुजूनंतर लोट्यात उरलेलं पाणी त्यात ओतते. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस आपल्या सगळ्या घरांत सांगितली जाते. अम्मी मात्र ती सांगत बसत नाही. परळ कोरडं दिसलं तर "बाहेर कुणी तहानलेलं आहे" एवढंच म्हणते आणि ज्याच्या कानावर पडेल तो उठतो.

बुलबुलांची जोडी सगळ्यांत आधी. डोक्यावर काळी शेंडी, शेपटीखाली लाल ठिपका. नर-मादी सारखेच दिसतात, म्हणून भांडण आणि प्रेम यांतला फरक मुलांना शेवटपर्यंत कळला नाही. मग साळुंक्या, मग सातभाई. सातभाई एकटे कधी येतच नाहीत. सहा-सात जणांचं टोळकं, सगळे एकाच वेळी बोलणारे, लग्नघरातल्या मावश्यांसारखे. कावळा भाकरीचा वाळका तुकडा आणून पाण्यात बुडवायचा, मऊ झाला की उचलून न्यायचा. पाणी मात्र घाण करून जायचा. पक्ष्यांना घाम येत नाही. ऐन दुपारी चोच उघडी टाकून गळा थरथरवत बसलेला पक्षी आजारी नसतो. धापा टाकून तो अंगातली उष्णता बाहेर काढत असतो, आणि त्यात त्याच्या शरीरातलं पाणी जातं. म्हणून उन्हाळ्यात दाण्याआधी त्याला पाणी लागतं.

तांबट मात्र परळावर एकदाही उतरला नाही. दुपारभर कुठल्यातरी फांदीवरून तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा त्याचा "पुक्, पुक्, पुक्" चालू असायचा. वड-पिंपळाची फळं खाऊन राहणारा हा पक्षी, बहुधा पाण्याची गरज त्यातूनच भागवत असावा. दिसायला चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. त्याला शोधायला मुलांना पाच दिवस लागले, कारण आवाज एकीकडून येतो असं वाटतं आणि तो बसलेला असतो भलतीकडेच.

खारीचं मला सगळ्यांत नवल वाटलं. साडेबारा-एकच्या सुमारास ती वुजूच्या ओल्या दगडावर यायची आणि चारही पाय पसरून पोट टेकून सपाट पडायची, जणू कुणी कातडंच वाळत घातलंय. मोठी म्हणाली, खार मेली. ती मेली नव्हती, पोट गार करत होती. एकदा ती अशी पडलेली असताना निंबात काहीतरी हललं आणि तिने "चिर्र चिर्र" असा सूर लावला की सगळं परसदार क्षणात रिकामं झालं. मग दिसला तो शिक्रा, राखाडी पाठीचा, लाल डोळ्यांचा. त्यानेही परळात उतरून पाणीच प्यायलं. पाच मिनिटं कुणी आवाज केला नाही, आमच्यासकट.

कुंपणावरच्या सरड्याचं डोकं आणि गळा लालबुंद झालेले होते. मुलांना तो आजारी वाटला. उन्हाळ्यात विणीच्या दिवसांत नर सरडा असा रंगतो आणि दुसऱ्या नरासमोर उठाबशा काढतो. लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याची शिट पडल्यासारखं काहीतरी होतं. ती फुलपाखराची लहानगी अळी निघाली. शिट समजून पक्षी तिला खात नाहीत. अम्मीने त्या फांदीची पानं तोडायला मनाई केली. आणि शिंपी! अंगठ्याएवढा पक्षी, जास्वंदीची दोन पानं टाके घालून शिवलेली, आत कापूस. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. शिंप्याला अस्तर कमी पडायचं कारण नाही.

कूलरच्या लोखंडी घोडीखाली, जिथे थेंब थेंब पाणी ठिबकतं, तिथे खरखरीत पाठीचा एक मोठा बेडूक राहायचा. पुस्तकात त्याला भेक म्हणतात. तो तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या जमिनीवर पोट टेकून बसतो आणि कातडीतूनच पाणी शोषून घेतो. भाभीने एकदा झाडूने त्याला फाटकाबाहेर घालवलं. रात्री तो परत घोडीखाली.

मधमाश्यांची गोष्ट वेगळी. त्या परळाच्या कडेला, नाहीतर पुदिन्याच्या ओल्या मातीवर बसून पाणी घ्यायच्या आणि सरळ उडून जायच्या. हे पाणी सगळं पिण्यासाठी नसतं. पोळ्यात नेऊन ते पातळ पसरतात आणि पंखांनी वारा घालतात, म्हणजे आतलं मेण आणि पिल्लं तापत नाहीत. आमचा कूलर तरी याहून वेगळं काय करतो? नंतर सब्जा फुलावर आला तेव्हा त्याच माश्या तिथे.

हुदहुद एकदाच आला, नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी. मराठीत याला हुदहुद्या म्हणतात. बदामी अंग, पंखांवर काळे-पांढरे पट्टे, डोक्यावर पंख्यासारखा उघडमिट होणारा तुरा. सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान (अ.) यांना सबाच्या राणीची खबर आणून देणारा तोच. मुलांनी तो आजवर फक्त गोष्टीत ऐकलेला. पुदिन्याच्या वाफ्यात लांब बाकदार चोच खुपसून त्याने दोन अळ्या काढल्या आणि गेला. बाकी सगळं परसदार विटेसारखं कडक झालेलं. चोच जाईल अशी जमीन तेवढीच होती. धाकट्याने जाहीर केलं, "हुदहुद आला, आज सुलेमानीच हवी." मग त्या दिवशी डबा बंद. कोरा चहा, वेलदोडा, वरून लिंबू. दहापैकी दहा, एकमताने.

मुलांची ही वही पाहून मला डॉ. सलीम अली आठवत राहिले. पक्षी म्हटलं की आपण त्यांना दूरच्या अरण्यात दुर्बीण घेऊन उभे असलेले पाहतो. पण त्यांच्या कामाची एक मोठी पायरी घराशेजारीच घडली. 1896 साली मुंबईत जन्मलेले सलीम अली 1930 च्या सुमारास बेकार होते. जर्मनीत शिकून आले तर इकडे संग्रहालयातली जागाच राहिली नव्हती. पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि तिथे सुगरण पक्ष्यांची वसाहत दिवसेंदिवस न्याहाळत बसले. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन पाहते, तिला पसंत पडलं तर तो ते पूर्ण करतो आणि ती अंड्यांवर बसली की दुसरं घरटं विणायला घेतो, हे सगळं त्यांनी तिथे नोंदलं. पुढचं नाव, मानसन्मान सगळं नंतरचं. तेव्हा हाताशी होतं ते निरीक्षण, वही आणि शांत बसण्याची सवय.

असं बसणं यवतमाळकरांना नवं नाही. पांढरकवडा आणि घाटंजीच्या बाजूला टिपेश्वर अभयारण्य आहे, सुमारे 148 चौरस किलोमीटरचं. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात वनखातं अशा अभयारण्यांतल्या पाणवठ्यांवर मचाणं बांधतं आणि निसर्गप्रेमी रात्रभर बसून पाण्यावर येणारी जनावरं मोजतात. उन्हाळ्यातच का? कारण तेव्हा पाणी थोड्या ठिकाणी उरतं आणि ज्याला जगायचं आहे त्याला तिथे यावंच लागतं. आमचं परळ म्हणजे वीतभर टिपेश्वरच. वाघ नाही एवढंच. वानरं मात्र आली. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची दहा-बारा जणांची टोळी एका सकाळी छतावरून उतरली, जास्वंदीच्या कळ्या खाल्ल्या, परळ उलटं केलं, एकाने तर चहाच्या डब्यातलं पाकीट पळवलं, हुंगलं आणि फेकून दिलं. वहीत नोंद आहे: स्ट्रॉबेरी चहा, वानराचे गुण शून्य. खरं सांगायचं तर आमचेही तेवढेच.

डबा पंधरा-सोळा दिवसांत जवळजवळ संपला आणि अम्मीने सूत्रं हातात घेतली. "आता माझे चहा प्या." गवती चहाची चार-पाच पाती घ्यायची, धारदार असतात म्हणून जपून, धुऊन त्यांची गाठ मारायची आणि दोन कप पाण्यात पाच मिनिटं उकळायची. गाठ मारली की गाळायची कटकट राहत नाही. पुदिना मात्र उकळायचा नाही. उकळला की त्याला पालेभाजीचा वास येतो. गरम पाण्यात पानं चुरगळून टाकायची, झाकण ठेवायचं, पाच मिनिटांत उघडायचं. मोरोक्कोत हाच पुदिना हिरव्या चहात भरपूर साखर घालून पाहुण्यांना देतात. अम्मीने साखरेच्या जागी बडीशेप उकळून घातली. बडीशेपेला स्वतःचीच थोडी गोडी असते.

खरी गंमत झाली ती लाल चहाची. डब्यातलं एक पाकीट गर्द लाल, आंबट. त्यावर "करकदे" लिहिलेलं. इजिप्त-सुदानकडे हे पेय फार चालतं, लग्नाकार्यातही देतात. गरम पितात आणि गारही. अम्मीने घोट घेतला, उठली, आतून एक बरणी घेऊन आली. "ही आपली अंबाडी." हिवाळ्यात लाल अंबाडीला बोंडं धरतात तेव्हा त्यांच्यावरच्या मांसल लाल पाकळ्या सोलून, वाळवून तिने ठेवल्या होत्या. आमच्याकडे त्याची चटणी होते, सरबत होतं. करकदे म्हणजे तेच! मुठभर पाकळ्या दोन ग्लास पाण्यात उकळून, झाकून गार केल्या तर रंग, आंबटपणा सगळं पाकिटातल्यासारखं, वास जरा जास्तच ताजा. भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्यावं. आंबट पदार्थ ॲल्युमिनियममध्ये उकळू नये. आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं. जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि आपला कापूस ही सगळी एकाच कुळातली झाडं, हे ऐकून मोठी म्हणाली, "म्हणजे नानीच्या परसदारात अख्खं खानदान आहे."

त्याच आठवड्यात मिस्त्रीचा फोन आला. गट्टू कधी उतरवू?

रात्री भाईजानशी बोलणं झालं. तो चिडला नाही, पण दुखावला. हजारो मैलांवर असलेल्या माणसाला आईच्या पडण्याची भीती जास्त वाटते, आणि ती भीती मला खोटी म्हणता येईना. तो म्हणाला, "पक्षी कुठेही पाणी पितील. अम्मीचं कंबरडं एकच आहे." मी म्हणाले, गट्टू तापले की रात्री नऊपर्यंत तापलेले राहतात, निंबाच्या मुळांना पाणी जाणार नाही, पावसाचं सगळं पाणी गल्लीत वाहून जाईल आणि मग आपणच पाणी नाही म्हणून रडू. आम्ही दोघेही बरोबर होतो, म्हणून बोलणं लांबत गेलं. अम्मी तस्बीह फिरवत ऐकत होती. शेवटी तिने फोन मागून घेतला.

"बेटा, मी घसरले ती दारापासून दगडापर्यंत. नंतर दगडापासून दोरीपर्यंत. एवढ्याच वाटेने मी जाते. तेवढीच वाट बांध. बाकीच्या जमिनीवर मी चालत नाही, तिथे दुसरे चालतात."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्याने विचारलं, वाटेच्या कडेला धरायला लोखंडी पाइप लावला तर चालेल का. चालेल, म्हणाली. मिस्त्रीने तीन फुटी वाट दोन दिवसांत केली. गट्टूंखाली सिमेंट न घालता वाळूच पसरली, म्हणजे फटींतून पाणी मुरतं. वुजूचा दगड जागेवरच राहिला, पन्हळ वाटेखालून एक छोटी नळी टाकून पुढे नेली. पहिल्या दिवशी नळी तुंबली, कारण मातीचा उतार उलटा झाला होता. अम्मीने मिस्त्रीला परत बोलावून ते नीट करून घेतलं आणि त्याला गवती चहा पाजला. त्याने दोन घोट घेतले आणि विचारलं, "दूध टाकायचं विसरलात का, चाची?"

परळ ठेवणाऱ्या बहिणींसाठी एवढंच. भांडं उथळ असावं, दोन-तीन बोटं पाणी पुरे. मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत. मांजर दबा धरून बसेल अशा झुडपाला अगदी लागून ठेवू नये. आणि पाणी रोज बदलावं. साचलेल्या स्वच्छ पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डेंग्यूचा डास तयार होतो. काढलेलं पाणी झाडाला घालावं. प्लास्टिकचं भांडं उन्हात तापतं, मातीचं गार राहतं. फुटक्या माठाचा तळ सगळ्यांत चांगला.

आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात निघालो. वही मुलांनी बरोबर आणली, परळाचं पान मात्र नानीकडे सोपवलं आणि रोज फोनवर हजेरी घ्यायला सुरुवात केली. अम्मी गंभीरपणे सांगते: आज बुलबुल दोन, खार एक, सातभाई पाच, सहावा दिसला नाही. पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी तिचा आवाज वेगळाच होता. "आज परळावर कुणीच आलं नाही. गल्लीभर डबकी आहेत, कशाला येतील? भेकही घोडीखाली नाही, रात्रीपासून नाल्याकडे ओरडतोय." मी विचारलं, वाट निसरडी झाली का. म्हणाली, नाही, पाइप धरून गेले आणि कुंपणालगत अंबाडीचं बी टाकून आले.